ज्या शोकाला सुतक नाहीं

पानिपतच्या संग्रामाविषयीं मराठींत आजवर जितकें लिहिलें गेलें आहे, तितकें दुसऱ्या कोणत्याहि एका लढाईविषयीं लिहिलें गेलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. भाऊसाहेबांनीं गोलाची लढाई पत्करली ती योग्य कीं अयोग्य, होळकरांनीं वेळेआधींच रण सोडलें कीं काय, सूरजमल जाटाला राजी राखलें असतें तर रसदेची एवढी ददात पडती ना, या प्रश्नांचा खल करण्यांत कित्येक विद्वानांच्या हयाती गेल्या. आम्हींहि वर्गांत वर्षानुवर्षें हाच खल केला. दोन्ही बाजू मांडाव्या, शेवटीं आपलें मत भीतभीत सांगावें आणि नकाशा गुंडाळून ठेवावा, असा आमचा परिपाठ. एके दिवशीं नकाशा गुंडाळीत असतां मागल्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, जे लोक परतलेच नाहींत, त्यांच्या बायकांनीं कुंकूं पुसलें तें कोणत्या दिवशीं?"

आम्हीं कांहीं तरी थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली. घंटा झाली म्हणून आम्ही सुटलों. प्रश्न मात्र सुटला नाहीं. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीला द्यावयाच्या उत्तराचें उशिरा केलेलें टांचण आहे, असें वाचकांनीं समजावें.

पराभवाची पहिली वार्ता नानासाहेब पेशव्यांस एका सावकारी पत्रावरून कळली, ही कथा शाळकरी मुलांनाहि ठाऊक असते. उघड नांवें लिहिणें धोक्याचें, म्हणून लिहिणारानें थोरांना मोत्यांची आणि मोहरांची उपमा दिली, त्यांचा आंकडा लिहिला, आणि रुपये व खुर्दा यांच्या बाबतींत मात्र हिशेब लागत नाहीं म्हणून हात टेकले. या पत्राच्या चातुर्याचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे. आमची दृष्टि हल्लीं त्यांतल्या खुर्द्यावर जाऊन खिळते. मोत्यांसाठीं कोणीं रडावयाचें हें सर्व दौलतीला माहीत होतें. खुर्द्यासाठीं कोणीं रडावें, किती दिवस रडावें, आणि मुळांत रडावें कीं वाट पाहत बसावें, हें कोणीं कोणाला कळवावयाचें?

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाहीं. आपल्या समाजांत शोकालाहि वहिवाट आहे. सपिंडाला दहा दिवस, दूरच्या भाऊबंदाला तीन, त्याहून दूरच्याला नुसतें स्नान. परगांवीं मेलेल्याची वार्ता जितकी उशिरा कळेल तितकें सुतक कमी. अशी ही सारणी शास्त्रकारांनीं इतक्या बारकाईनें आंखली आहे कीं इंग्रजी विद्येवर पोसलेल्या आम्हांसारख्यांस तिचें हंसूं यावें. तारुण्यांत आम्ही हंसलोंहि. पुढें घरांत मरण झालें, तेव्हां त्या सारणीचा उपयोग समजला. त्या दिवशीं चूल पेटली नाहीं. शेजारच्या घरून पिठलेंभात आला. ज्यांच्याशीं कित्येक वर्षांत बोलणें नव्हतें असे नातलग समाचाराला आले आणि ओसरीवर गप्प बसून गेले. कोणी शहाणपणाचें बोललें नाहीं, आणि त्याची जरूरहि भासली नाहीं. तेराव्या दिवसानंतर आग्रहानें गोड घास घशाखालीं उतरवावा लागला, आणि आतां कामाला लागावयाचें आहे हें न सांगतां उमजलें. सुतक म्हणजे विटाळ, हा झाला शब्दार्थ. व्यवहारांत तें दुःखी माणसाला समाजानें दिलेलें रजेचें पत्र असतें. राजेरजवाड्यांचीहि हीच रीत होती. दरबारांतून, सोयऱ्यांकडून, कधीं कधीं शत्रूकडूनहि दुखवट्याचीं वस्त्रें येत. ज्याच्या घरीं तीं आलीं, त्याच्या दुःखावर जणूं शिक्का बसला.

परंतु रजेच्या पत्रावर दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्या लागतात. मेलेला माणूस तुमचा कोण, ही एक. आणि तो खरोखरीच मेला आहे काय, ही दुसरी. या दोहोंपैकीं एकीचें उत्तर देतां आलें नाहीं कीं दुःख होतें तेवढेंच राहतें, पण तें करण्याचा अधिकार जातो. अमेरिकेतील केनेथ डोका या पंडितानें १९८९ सालीं अशा शोकाला स्वतंत्र नांव दिलें. ज्याचा हक्क हिरावला गेला आहे असा शोक, असा त्याचा भावार्थ. नांव नवें आहे. वस्तु मात्र पेशव्यांच्या एकाच घरांत, एकवीस वर्षांच्या अंतरानें, दोन स्त्रियांच्या वांट्यास आलेली होती.

पहिल्या प्रश्नापाशीं जी अडली ती मस्तानी. २८ एप्रिल १७४० रोजीं नर्मदेच्या कांठीं रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांनीं देह ठेविला. काशीबाई जवळ होत्या. मस्तानी तेथें नव्हती. बाजीरावांच्या बंधूंनीं आणि वडील चिरंजीवांनीं तिला पुण्यांत अटकेंत ठेविलें होतें. बाजीराव गेल्यानंतर लौकरच तीहि गेली. पाबळास तिची कबर आहे. तिनें विष घेतलें, हिरकणी गिळली, ती सती गेली, शोकानें झुरून गेली, अशा नाना कथा लोक सांगतात. त्यांतली खरी कोणती हें ठरविण्याचा आमचा मानस नाहीं. त्या इतक्या कां निघाल्या, एवढेंच आम्ही पाहतों. काशीबाईंच्या शोकाला दंतकथेची गरज पडली नाहीं. त्यांचें वैधव्य सर्व दौलतीनें पाहिलें. पुढें चासेस त्यांनीं सोमेश्वराचें देऊळ बांधलें, तें आजहि उभें आहे. मस्तानीनें कोणत्या नात्यानें रडावयाचें होतें? पेशव्यांच्या घरानें तिला पत्नी म्हटलें नव्हतें, तेव्हां तिला विधवा तरी कोण म्हणणार? तिच्या शोकाची जी जागा घरानें कोरी ठेवली, ती लोकांनीं मरणाच्या कथांनीं भरून काढली. जिला रडूं दिलें नाहीं, तिला निदान प्रीतीसाठीं मरूं तरी द्यावें, असा कांहीं हिशेब लोकांच्या मनांत असावा.

न्यायासाठीं येथें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, मस्तानीच्या पोरक्या मुलाला काशीबाईंनींच मायेनें वाढविलें. तो मुलगा म्हणजे समशेर बहाद्दर. घरानें आईला नाकारलें, मुलाला तलवार दिली. १७६१ च्या जानेवारींत तो पानिपतच्या रणांत होता. तेथून घायाळ होऊन निघाला, आणि जाटांच्या मुलखांत पोंचून मरण पावला. वयाची तिशीहि त्यानें पाहिली नाहीं.

त्याच रणांतून पार्वतीबाई निघाल्या. या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी, पेणच्या कोल्हटकरांच्या माहेरच्या. १७६० च्या मार्चांत भाऊ उत्तरेस निघाले, तेव्हां त्या बरोबर होत्या. फौजेच्या आसऱ्यानें काशीप्रयाग साधावें म्हणून कित्येक घरांतलीं बायकामाणसें त्या मोहिमेबरोबर चाललीं होतीं. ही भाऊंची घोडचूक, असा शेरा मारण्याची आपल्याकडे चाल आहे. तो खराहि असेल. परंतु ज्यांचें कुटुंबच्या कुटुंब त्या गर्दींत सांपडलें, त्यांच्या दुःखापुढें तो शेरा आम्हांस थोडा कोरडा वाटतो. १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी. दुपार कलली आणि अठरा वर्षांचे विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ त्या वेळीं तीस वर्षांचे. ते घोड्यावर बसून शत्रूच्या गर्दींत शिरले आणि पुढें आपल्या लोकांस दिसले नाहींत. 'दिसले नाहींत' हेच दोन शब्द पार्वतीबाईंच्या पदरीं पडले. त्यांवर त्यांनीं पुढलीं बावीस वर्षें काढलीं.

वास्तविक पुरावा नव्हता असें नाहीं. सुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशीराज पंडितानें १७८० सालीं आपली हकीकत फारसींत लिहिली. तींत तो सांगतो कीं, रणांतून शिर नसलेलें एक धड शोधून काढण्यांत आलें, ओळखणारांनीं अंगावरील खुणा पाहून तें भाऊंचें ठरविलें, आणि सुजाच्या खटपटीनें त्याला विधिपूर्वक अग्नि मिळाला. इतिहासकाराला इतकें पुरतें, आम्हांसहि पुरतें. परंतु ज्या बाईनें तो देह चालताबोलता पाहिला होता, तिनें शिराविना धडावर, तेंहि शत्रूच्या छावणींत दुसऱ्या कोणीं ओळखलेल्या धडावर, विश्वास ठेवावा, असा आग्रह आम्हीं कोणत्या तोंडानें धरावा? जाटांच्या आश्रयानें त्या ग्वाल्हेरीकडे आल्या, पेशव्यांस भेटल्या, पुण्यास परतल्या. कपाळावर कुंकूं तसेंच होतें. २३ जून १७६१ रोजीं नानासाहेब पर्वतीवर निवर्तले. पुत्र आणि भाऊ यांच्या शोकानें ते खचले, असें सारेच इतिहासकार लिहितात, आणि योग्यच लिहितात. गोपिकाबाईंचा मुलगा गेला, पांचच महिन्यांत पति गेले. त्यांच्या दुःखालाहि नांव होतें, तिथि होती, श्राद्ध होतें. त्याच घरांत, त्याच रणाच्या जखमेनें पोळलेल्या पार्वतीबाईंपाशीं यांतलें कांहींच नव्हतें.

शास्त्रानें अशा प्रसंगाचा विचार केला नव्हता असें कोणी समजूं नये. देशांतरीं जाऊन बेपत्ता झालेल्या माणसाची बारा वर्षें वाट पाहावी, नंतर काळविटाच्या कातड्यावर पळसाच्या तीनशें साठ देंठांची मनुष्याकृति मांडावी, तिला अग्नि द्यावा आणि मग सुतक धरावें, असा विधि आहे. शव नाहीं, तर शवाच्या जागीं पळस. आम्हांस हा विधि विलक्षण कनवाळू वाटतो. ज्यानें तो प्रथम कल्पिला, त्याच्या घरचें कोणी तरी परत आलेलें नसावें. परंतु पार्वतीबाईंच्या बाबतींत पाहा. पानिपतापासून बारा वर्षें मोजलीं तर साल येतें १७७३. आणि त्याच वर्षीं ३० ऑगस्टला शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वाट पाहण्याची मुदत संपली त्या वर्षीं घराला नवें, उघडें, रक्तानें माखलेलें सुतक आलें. जुन्या दुःखाकडे कोण वळून पाहणार?

मुदत भरली म्हणून त्या बाईंचें मन भरलें असतें असेंहि नाहीं. पति जिवंत आहेत ही त्यांची श्रद्धा अखेरपर्यंत टिकली, आणि घरानेंहि त्यांना सवाष्ण म्हणूनच वागविलें. कोणी यास वेडी आशा म्हणतात, कोणी पातिव्रत्याचा कळस म्हणतात. आम्हांस दोन्ही मतें आळशीपणाचीं वाटतात. त्या काळीं ब्राह्मणाच्या घरीं विधवा होणें म्हणजे काय, याचा विसर पडूं देतां कामा नये. केशवपन, आलवण, एकभुक्त, मंगलकार्यांत मागली खोली. शोकाला मान्यता मिळे, पण ती अशा भयंकर किंमतीनें मिळे. तेव्हां कुंकूं न पुसण्यांत श्रद्धेबरोबर थोडी स्वसंरक्षणाची बुद्धि असली, तर ती आम्ही दोषास्पद मानीत नाहीं. आणि घरानें तें पुसावयास लाविलें नाहीं, हा घराचा चांगुलपणाच होय.

मात्र या चांगुलपणाची दुसरी बाजू कोणी पाहिलेली आम्हांस आढळली नाहीं. सवाष्णीच्या दारीं समाचाराला कोण जाणार? विधवेजवळ बसून गेलेल्या माणसाच्या चार आठवणी काढतां येतात. येथें आठवण काढली तर अपशकुन. "भाऊसाहेब असे म्हणत असत" असें भूतकाळीं बोलावें तर बाईंच्या सौभाग्यावर घाला, आणि वर्तमानकाळीं बोलावें तर बोलणाराची जीभ अडखळते. व्याकरणांतले काळच ज्या घरांत बोलण्याच्या आड येतात, तेथें माणसें अखेर गप्प बसतात. पानिपतचा दिवस संक्रांतीच्या लागचा. त्या दिवसांत सवाष्णींचीं वाणें निघत असतील, कुंकवाचा करंडा फिरत असेल, तो पार्वतीबाईंपुढेंहि येत असेल. लावणारीचा हात किंचित् थबकत असेल काय? पुढें केलेलें कपाळ तें थबकणें ओळखीत असेल काय? या प्रश्नांची आमच्याजवळ कागदोपत्रीं साक्ष नाहीं, आणि आम्ही ती निर्माणहि करीत नाहीं. परंतु ज्यांनीं अशा घरांत दिवस काढले आहेत, त्यांना साक्षीची जरूर नाहीं.

येथें थोडें विषयांतर करण्याची मुभा असावी. आमचा तीस वर्षांचा एक स्नेही परगांवीं एकाएकीं वारला. आम्ही गेलों, त्याच्या घरच्या मंडळींच्या मागें एका कोपऱ्यांत उभे राहिलों, रात्रीच्या गाडीनें परतलों, आणि सकाळीं पहिल्या तासाला फ्रेंच राज्यक्रांति शिकविली. रजेचा अर्ज लिहावयास घेतला होता. त्यांत मृताशीं नातें काय, असा रकाना होता. त्यांत 'मित्र' लिहून पाहिलें, स्वतःलाच तें अर्जाच्या मानानें हलकें वाटलें, आणि कागद फाडून टाकला. तक्रार कोणाविरुद्ध करावयाची? रकाना कोणींहि दुष्टपणानें आंखलेला नव्हता. पेशव्यांच्या घरांतल्या सारणीसारखाच तो सद्धेतूनें आंखलेला होता, आणि आमचें दुःख त्यांत बसत नव्हतें, इतकेंच. त्या दिवसापासून पार्वतीबाईंकडे आम्ही निराळ्या डोळ्यांनीं पाहूं लागलों, हें कबूल करावयास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

पार्वतीबाई कांहीं झालें तरी वाड्यांतल्या. त्यांना सवाष्ण म्हणून वागविणारे लोक तरी भोंवतीं होते. सावकाराच्या पत्रांतला खुर्दा कोठें गेला? लढणारांच्या मागें बाजारबुणगे होते, मोतद्दार होते, भिस्ती होते, वाणीउदमी होते, यात्रेकरू होते. त्यांतलें कोण पडलें, कोण गुलाम म्हणून अफगाणांच्या हातीं लागलें, कोण लाजेनें वा दारिद्र्यानें उत्तरेंतच राहून गेलें, हें देशांतल्या आणि कोंकणांतल्या त्यांच्या घरांना कोणत्या वाटेनें कळावयाचें होतें? पानिपताचा धावता साक्षीदार म्हणून नाना फडणीसाचें नांव घ्यावें लागतें. तो त्या वेळीं एकोणीस वर्षांचाहि नव्हता. आई आणि पत्नी दोघी त्याच्याबरोबर होत्या. पळापळींत तिघांची ताटातूट झाली. पत्नी पुढें सुखरूप सांपडली. आई परत आली नाहीं. पुढें लिहिलेल्या आपल्या छोट्याशा आत्मचरित्रांत नानानें हें सर्व सांगितलें आहे, आणि तेंहि मराठी दरबारी लेखनांत सहसा न आढळणाऱ्या उघड्या मनानें. राजकारणांत ज्याच्या मनाचा ठाव कोणास लागला नाहीं असा हा पुरुष. परंतु आईविषयीं लिहितांना तो एक भेदरलेला मुलगाच राहतो. साडेतीन शहाण्यांतला हा शहाणा वर्षानुवर्षें पार्वतीबाईंच्या सौभाग्याला सांभाळून घेत राहिला, त्यांत कारभारी मुत्सद्देगिरी किती आणि आईचा देह न पाहिलेल्या मुलाची समजूत किती, याचा विचार कोणीं तरी करावयास हवा.

पार्वतीबाईंना घरानें जपून कोपऱ्यांत ठेविलें होतें, अशी मात्र वाचकांची समजूत होऊं नये. १७७४ च्या जानेवारींत कारभाऱ्यांनीं नारायणरावांच्या गरोदर विधवेला, गंगाबाईंना, पुरंदरावर नेलें, तेव्हां सोबतीस म्हणून पार्वतीबाईंची निवड केली. सगळी पेशवाई त्या गर्भावर अवलंबून होती. इतकी जोखीम भरंवशाच्या माणसावरच टाकतात. एक बाई जिच्या पतीचा खून सर्वांच्या देखत झालेला, दुसरी जिच्या पतीचा मृत्यु कोणींच उच्चारावयाचा नाहीं. दोघी त्या गडावर एका मुलाच्या जन्माची वाट पाहत बसल्या. १८ एप्रिल १७७४ रोजीं सवाई माधवराव जन्मले. या प्रसंगाचें वर्णन करतांना ग्रांट डफनें आपल्या १८२६ सालच्या इतिहासांत पार्वतीबाईंची थोरवी सांगून त्यांस सदाशिवरावांची विधवा असें बेलाशक म्हटलें आहे. त्याचें चुकलें असें नाहीं. तरी आम्हीं तें पान प्रथम वाचलें तेव्हां जिभेला ठेंच लागल्यासारखें झालें. बावीस वर्षें पुण्यांत ज्या शब्दाला थारा मिळाला नाहीं, तो परदेशच्या इतिहासकारानें एका फटकाऱ्यांत लिहून टाकला.

आणि मग तोतया. भाऊंचें नांव सांगणारा हा कनोजा ब्राह्मण माधवरावांच्या अमदानींतच प्रगट झाला होता; चौकशी होऊन तो खोटा ठरला आणि किल्ल्यावर कैदेंत पडला. १७७६ त रत्नागिरीच्या किल्लेदारानें, रामचंद्र परांजपे यानें, त्याला बाहेर काढून उभें केलें, आणि पाहतां पाहतां कोंकण त्याच्या पाठीशीं गेलें. किल्ले मिळाले, हजारों माणसें जमलीं, घाट चढण्यापर्यंत मजल गेली. या बंडाची मीमांसा करतांना रघुनाथरावांचा पक्ष, इंग्रजांचें धोरण, कारभाऱ्यांतली फूट, अशीं कारणें देतात. तीं सर्व खरीं आहेत. पण राजकारणानें किल्लेदार फुटतात. खेड्यांतला मनुष्य भाकरी बांधून बाहेर पडतो तो वेगळ्या भुकेनें. पंधरा वर्षें ज्या घरांत कोणी परतलें नव्हतें, त्या घरांना भाऊ परतले असें सांगा; म्हणजे आपलाहि परतेल, हा त्याचा अर्थ सांगावा लागत नाहीं. जनकोजी शिंद्यांच्या नांवानेंहि असाच तोतया निघाला होता. ज्यांना अग्नि द्यावयास मिळाला त्यांचे तोतये निघत नाहींत.

तोतयाचा पाडाव ज्यांनीं केला त्यांचीहि नांवें पाहण्याजोगीं आहेत. फौज घेऊन गेले ते महादजी शिंदे. पानिपताहून पळतांना पायाला झालेली जखम त्यांनीं जन्मभर लंगडत वागविली. पुण्यांत सूत्रें हलविणारा नाना फडणीस; त्याची आई त्याच रणांत राहिलेली. पराभूत तोतया समुद्रमार्गें मुंबईकडे निघाला असतां रघोजी आंग्र्यांच्या हातीं सांपडला, त्याला पुण्यास आणलें, आणि १७७६ च्या डिसेंबरांत त्याचें डोकें मेखसूनें फोडून त्याला मारलें. शिक्षा अमानुष होती, याबद्दल वाद नको. परंतु मारणाऱ्यांच्या मनांत तो केवळ बंडखोर होता काय, असा संशय आम्हांस येतो. आपल्या हरवलेल्या माणसाचा चेहरा लावून जो दारांत उभा राहिला, त्याच्यावर येणारा क्रोध राजकारणाच्या क्रोधाहून निराळा असतो. कै. नरसिंह चिंतामण केळकरांनीं या बंडावर नाटक लिहिलें, त्यामुळें कथा घरोघर पोंचली. रंगभूमीच्या उजेडांत अर्थातच तोतयाच मोठा दिसतो.

पार्वतीबाईंच्या बाजूनें पाहिलें तर या सर्व खटल्यानें काय सिद्ध झालें? हा मनुष्य भाऊ नव्हे, इतकेंच. भाऊ नाहींत, हें त्यानें सिद्ध झालें नाहीं. सबंध दौलतीनें एका वर्षभर त्यांच्या पतीविषयीं वाद घातला, साक्षी घेतल्या, माणूस मारला, आणि त्यांची वाट होती तेथेंच राहिली. त्यानंतर सात वर्षें त्या जगल्या. गंगाबाई १७७७ त गेल्या; पुरंदरावर जन्मलेलें मूल पेशवा म्हणून वाढत होतें.

१७८३ सालीं पार्वतीबाई वारल्या. त्या अहेव गेल्या, असें म्हणावें लागेल. तेव्हां त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें निदान एका घरापुरतें उत्तर असें कीं, कुंकूं पुसलेंच नाहीं. त्या गेल्यावर मात्र कोणाच्या मनाला जपावयाचें उरलें नव्हतें. भटजींना बोलावलें, आणि त्यांच्याबरोबर सदाशिवरावभाऊंचीहि उत्तरक्रिया केली गेली. पानिपताला तेव्हां बावीस वर्षें होऊन गेलीं होतीं.